खाडीचं वकीलपत्र

ताई, नमस्कार.

मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावात राहते. पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबा एनएमएमटीत, म्हणजे नवी मुंबईच्या बससेवेत, कंडक्टर आहेत, आजी अजून मासळी बाजारात बसते. आजोबा आता खाडीत जात नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात, पण खरं कारण घरात सगळ्यांना माहीत आहे. डिझेलचे पैसे निघण्याइतकीही मासळी लागत नाही.

मला पाणी आणि समुद्र वाचवण्याच्या कामात वकील म्हणून उतरायचं आहे. कॉलेजात पर्यावरण कायद्याचा एकच पेपर आहे. सरांना विचारलं तर म्हणाले, त्यात पैसा नाही, आणि समुद्राचा कायदा करायचा तर परदेशात जावं लागेल. आईला वाटतं, पास झाल्या झाल्या जजच्या परीक्षेला बसावं. मैत्रिणी मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप शोधताहेत. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी बेताचं. घराचं कर्ज चालू आहे. हे स्वप्न आमच्यासारख्यांना परवडतं का? आणि परवडत असेल तर सुरुवात कुठून करू?

– दिवाळ्याची एक मुलगी


दिवाळ्याच्या मुली,

तुझ्या आईपासून सुरुवात करते, कारण तिचा प्रश्न सगळ्यात लवकर सुटण्यासारखा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. तुझ्या वेळी जाहिरात निघेल तेव्हा ती नीट वाचून घे, पण आज तरी कॉलेजातून थेट न्यायाधीशाच्या परीक्षेला जाण्याचा रस्ता बंद आहे. आईला हे सांग. सोबत हेही सांग की मधली तीन वर्षं कुणाच्या हाताखाली आणि कसल्या केसेसवर काढायची, हे तू ठरवणार आहेस. ती पाण्याच्या कामात काढलीस तरी आईचं स्वप्न जागच्या जागी राहतं. उद्या खरंच खुर्चीवर बसलीस, तर ओहोटीच्या चिखलात उभं राहून भराव पाहिलेली न्यायाधीश या जिल्ह्याला मिळेल. मला तर ते फार आवडेल.

आता पैशाचं. तुझ्या सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं मी लपवणार नाही. ज्यांचं पाणी नासतं, त्यांच्याकडे फी द्यायला पैसे नसतात. जनहित याचिकेत तर बहुतेक वेळा टायपिंग आणि झेरॉक्सचा खर्चही वकिलाच्या खिशातून जातो. पण पहिली चार-पाच वर्षं ओढाताणीची असतात, ती कुठल्याही कोर्टातल्या कुठल्याही ज्युनिअरची. मी ठाण्यात वकिलीची सनद घेऊन उभी राहिले तेव्हा माझं घर चाललं ते सोसायट्यांच्या कामांवर. डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने न दिलेली जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेणं), गळतीचे वाद, मेंटेनन्स थकवणारे सभासद. त्या सोसायट्यांनी माझ्या खाडीच्या केसेस पोसल्या. आणि नकळत एक शिक्षणही झालं. सातबारा वाचणं, फेरफार मागे मागे नेत मूळ मालकापर्यंत पोचणं, गाव नकाशावर सर्व्हे नंबर शोधणं, मोजणीचा नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांतली तफावत ओळखणं, हे सगळं मी जमिनीच्या वादांत शिकले. कांदळवनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या मँग्रोव्ह झाडीच्या, केसमध्ये लागतं ते नेमकं हेच. त्यातली तिवराची झाडं कापली गेली यावर सहसा वाद नसतो. वाद असतो तो जागा कुणाची, कुठल्या सर्व्हे नंबरात, आणि भरतीरेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावर.

म्हणून ‘समुद्र संवर्धनासाठी वकील पाहिजे’ अशी जाहिरात शोधत बसू नकोस. अशा जागा आहेत, पण मोजक्या, आणि त्या अनुभव मागतात. दिवाणी आणि रिट याचिकांचं काम करणाऱ्या एखाद्या सिनिअरकडे रुजू हो. हाताला ड्राफ्टिंगची सवय लागू दे. घराचं कर्ज डोक्यावर असताना त्यागाच्या गोष्टी करायला मी कुणालाच सांगत नाही, तुला तर नाहीच. महिन्याकाठी काहीतरी ठरलेलं घरात आलं पाहिजे, तरच तू या कामात दहा वर्षं टिकशील. आणि खाडीला दहा वर्षं टिकणारे वकील हवे आहेत. एका मोर्चापुरते येणारे तिने भरपूर पाहिलेत.

परदेशाच्या मुद्द्यावर मात्र सरांशी माझं जमत नाही. समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदा वाचायलाच हवा. १९८२ चा समुद्र कायद्याचा करार, जो भारताने १९९५ मध्ये मान्य केला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल आपली हद्द, २०० मैलांपर्यंत आपलं अनन्य आर्थिक क्षेत्र. त्याला जोडून आपला १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा. हँबर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने मे २०२४ मध्ये दिलेलं मत आवर्जून वाच. माणसाने हवेत सोडलेले हरितगृह वायू हेही करारातल्या व्याख्येप्रमाणे समुद्राचं प्रदूषणच आहे, असं त्यात म्हटलंय. कुठल्याच देशाच्या मालकीच्या नसलेल्या खोल समुद्रातल्या जिवांसाठी २०२३ मध्ये नवा करार झाला, भारताने २०२४ मध्ये त्यावर सही केली आणि जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. तो आपल्या देशात राबवायचा तर कायदे लिहावे लागतील, नियम करावे लागतील, आणि ते लिहिणारी माणसं तुझ्याच पिढीतली असतील. म्हणजे त्या दिशेला काम आहेच. पुढे शिष्यवृत्ती मिळाली तर हँबर्गलाही जा, मी शिफारसपत्र लिहीन. पण परदेशात गेल्याशिवाय समुद्राचा कायदा करता येत नाही, हे बरोबर नाही.

तुझ्या गावासमोरून जी जहाजं जातात ना, त्यांचा कायदा मुंबई उच्च न्यायालयात रोज चालतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली आणि तेलाचा तवंग पार कांदळवनापर्यंत गेला. आजोबांना विचार, त्यांना आठवत असेल. लोक मासळीला हात लावेनात. पुढच्याच वर्षी ‘रॅक कॅरियर’ हे कोळशाचं जहाज मुंबईजवळ बुडालं. त्यावर मुंबईतल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायालयात, दाद मागितली आणि २०१६ मध्ये शंभर कोटी रुपयांच्या पर्यावरणीय भरपाईचा आदेश झाला. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, तेव्हा केरळ सरकारने २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याचा, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या कायद्याचा, आधार घेऊन त्याच कंपनीचं दुसरं जहाज बंदरात अडकवून ठेवायला लावलं. भरपाईसाठी जहाजालाच अटक! कायद्यातली ही तरतूद मला अजूनही थरारून टाकते. मुंबईत जहाजांच्या कायद्याच्या जुन्या, नावाजलेल्या फर्म आहेत आणि त्या बहुतेक करून जहाजमालक, विमा कंपन्या, मालवाल्यांची कामं बघतात. जहाजाची कागदपत्रं वाचता येणारा आणि खाडीच्या चिखलातलं निवटं (एक छोटा मासा) ओळखणारा वकील मला आजवर क्वचितच भेटलाय. तुझ्याकडे त्यातलं दुसरं आहे. पहिलं शिकता येतं. मैत्रिणी फर्ममध्ये अर्ज करताहेत ना, तूही कर. फक्त शिपिंगच्या विभागासाठी कर.

आता मी जिथे खरी रमते तिथे येते, म्हणजे आपल्या ठाणे खाडीपाशी.

तुझ्या घराच्या आसपासच्या पाण्याला कायद्याने किती कवचं आहेत, हे एकदा कागदावर उतरव. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यावर बंदी घालणारा अंतरिम आदेश दिला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ती बंदी राज्यभर पक्की केली, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली आणि कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं स्पष्ट म्हटलं. सार्वजनिक हितासाठी खरोखरच गरज असेल तर प्रकल्पवाल्यांनी न्यायालयात येऊन परवानगी घ्यायची. बुलेट ट्रेनसाठी ती मागितली गेली. सुरुवातीला ५३ हजारांहून जास्त झाडं जाणार होती, ती संख्या शेवटी २१,९९७ वर आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. त्या निकालाने मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण प्रत्येक झाडाचा हिशोब न्यायालयासमोर मांडावा लागला, हे त्या जुन्या आदेशांमुळेच. त्याशिवाय ऐरोलीच्या बाजूला २०१५ मध्ये जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये त्याला मिळालेला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमनाची, अधिसूचना, २०१७ चे पाणथळ जागांचे नियम, १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा. एवढी कवचं असूनही रात्री डेब्रिजचे डंपर खाली होतातच. कायदा कमी पडतो तो इथे, आणि वकील लागतो तोही इथेच.

पण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात लागलेली ओळ आजोबांची आहे, म्हणून दोन प्रकरणं सांगते.

पहिलं वाशीचं. ठाणे खाडीवर तिसरा पूल बांधायला घेतला तेव्हा वाशी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेने उच्च न्यायालयात धाव घेतली. पूल नको, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पुलाच्या कामाने आमची मासेमारीची जागा जाते, तर आमचं काय, एवढाच त्यांचा सवाल होता. २०२१ मध्ये न्यायालयाने कोळ्यांचा मासेमारीचा परंपरागत हक्क मान्य केला आणि भरपाईसाठी समिती नेमण्याचा, राज्याला धोरण आखण्याचा आदेश दिला. पुढे राज्याने तसं धोरण आणलंही. ज्यांच्याकडे पाण्याचा सातबारा नसतो, त्यांचाही पाण्यावर हक्क असतो, हे एका गावातल्या सोसायटीने मान्य करून घेतलं.

दुसरं उरणचं. बंदराच्या विस्तारासाठी भराव झाले, खाडीची तोंडं बुजली, भरतीचं पाणी फिरायचं थांबलं आणि मासळी गेली. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. २७ फेब्रुवारी २०१५ ला न्यायाधिकरणाने जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांनी मिळून १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. प्रकरण पुढे अपिलात गेलं, आणि अपील म्हणजे वर्षं. जिंकलेल्या निकालाची रक्कम घरात येईपर्यंत माणसं थकतात, काही तर ती बघायला उरत नाहीत. हे मी तुला आधीच सांगून ठेवते. आदेश मिळवणं हे निम्मं काम आहे. त्याची अंमलबजावणी करून घेणं, अवमान याचिका, वसुलीचे अर्ज, तारखेमागून तारीख, हे उरलेलं निम्मं काम फार थोडे वकील करतात, कारण त्यात ना बातमी असते ना टाळ्या. तू ते करायला शिकलीस तर या किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळीवाड्यात तुझं नाव लोक घरातल्या माणसासारखं घेतील.

आणि आता एक माझी गोष्ट. ती सांगताना अजूनही त्रास होतो.

हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ नवंनवं होतं. ठाण्याच्या एका खाडीकाठच्या गावातले काही जण माझ्याकडे फाइल घेऊन आले. एका पट्ट्यात मुरूम टाकून तिवरं गाडली होती, ओहोळ बुजवला होता. फोटो होते, गावकऱ्यांच्या सह्या होत्या. मी म्हटलं, आधी संबंधित खात्याला तक्रार देऊ, माहिती अधिकारात कागद मागवू, त्यांचं उत्तर आलं की केस पक्की होईल. खात्याने तीन पत्रांत टोलवाटोलवी केली. आम्ही अपील केलं. शेवटी कागद हातात आले तेव्हा नववा महिना लागला होता. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खाली मुदत सहा महिन्यांची, तीही कारण ‘पहिल्यांदा’ घडल्यापासून, आणि सबळ कारण दिलं तर वर फक्त ६० दिवस. तक्रारअर्जांमध्ये गेलेला वेळ त्यातून वजा होत नाही. आमचा अर्ज मुदतीवरच फेटाळला गेला. भराव बेकायदा होता की नाही, यावर कुणी एक वाक्यही बोललं नाही. झालेलं नुकसान भरून काढण्यासाठी, जागा पूर्ववत करण्यासाठी कलम १५ खाली पाच वर्षांची मुदत आहे. अर्जाची मांडणी तशी केली असती तर कदाचित दार उघडलं असतं. ते मला तेव्हा सुचलं नाही. तिथून परतताना गाडीत त्या गावातल्या एका म्हाताऱ्या मावशी मला म्हणाल्या, “जाऊ दे गो, तू तरी काय करशील.” त्यांनी रागवायला हवं होतं. आज माझ्या टेबलावरच्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत एकच गोष्ट असते, मुदत संपण्याची तारीख.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला, सुरुवात कुठून, माझं उत्तर आहे एका जाड वहीपासून.

सनद मिळेपर्यंत तू कोर्टात उभी राहू शकत नाहीस, पण पुरावा गोळा करायला सनद लागत नाही. दिवाळ्यापासून चालत जाता येईल असा खाडीचा एक तुकडा निवड, एखादा किलोमीटर पुरे. दर पंधरवड्याला, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि मधल्या भांगेला (भरती कमी असते तेव्हा), तिथे जा आणि पाणी कुठवर येतं ते लिही. सीआरझेडची सगळी मारामारी उच्चतम भरतीरेषेवर असते. ती नकाशावर आखणाऱ्यांनी एक जागा धरलेली असते आणि कोळणीच्या अंगणाच्या पायरीला दुसरी जागा माहीत असते. मंजूर झालेले किनारा व्यवस्थापन नकाशे मिळव, त्यावर तुझा तुकडा शोध, गाव नकाशा शेजारी ठेव. तिवरांचे कुठले पट्टे वाळताहेत, कुठल्या नाल्याचं पाणी कुठल्या रंगाचं आणि किती वाजता येतं, सगळं तारीखवार. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसले तर वेळ लिही. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, आणि तेव्हाच मासळी मरते.

फोटो काढशील तेव्हा लोकेशन चालू ठेव आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नकोस. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून वेळ आणि जागेची नोंद निघून जाते. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ते कसं भरायचं हे आत्ताच शिकून घे, पुष्कळ वकिलांना ते अजून नीट येत नाही. नाल्याचं पाणी बाटलीत भरून स्वतः तपासून घेतलंस तर अंदाज येईल, पण जलप्रदूषणाच्या कायद्यात नमुना घ्यायची ठरलेली रीत आहे, ती पाळून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्यालाच खरं वजन असतं. म्हणून नाला वाहत असताना तक्रार कर, आणि नमुना घेतला की नाही ते लेखी विचार.

माहिती अधिकार तर हातातलंच हत्यार आहे. दहा रुपये आणि तीस दिवस. ‘प्रदूषण का होतंय’ असं विचारू नकोस, त्याला उत्तर येत नाही. कागद माग. अमुक कारखान्याला मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची प्रत, गेल्या दोन वर्षांतल्या नमुन्यांचे अहवाल, अमुक प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीच्या अटी आणि त्यांचे सहामाही पूर्तता अहवाल. कांदळवनावरची आणि पाणथळ जागांवरची अतिक्रमणं पाहण्यासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने समित्या झाल्या आहेत आणि कोकण विभागीय आयुक्तांचं कार्यालय त्यांच्याशी जोडलेलं आहे. ते कोकण भवन तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. दिल्लीची मुलं ज्या समित्यांवर निबंध लिहितात, त्यांची आवक-जावक खिडकी तुला रिक्षाने गाठता येते. हा तुझा फायदा आहे, तो वापर.

एक मात्र बजावून सांगते. रात्री डंपर अडवायला जाऊ नकोस. एकटी चिखलात जाऊ नकोस, भरतीची वेळ पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही. गाडीचा नंबर लांबून टिपलास तरी पुरे. भराव टाकणाऱ्यांमागे पैसा असतो आणि त्यांना तक्रारदाराचं घर शोधायला वेळ लागत नाही. शक्य तिथे तक्रार संस्थेच्या, सोसायटीच्या नावाने जाऊ दे. बाबांना अंधारात ठेवून यातलं काहीही करू नकोस.

इंटर्नशिपच्या सुट्ट्या वाटून घे. एक सुट्टी बेलापूर किंवा ठाण्याच्या कोर्टात, एक मुंबईत पर्यावरणाच्या केसेस चालवणाऱ्या संस्थेत किंवा वकिलाकडे, एक शिपिंग फर्ममध्ये. हरित न्यायाधिकरणाचं कामकाज ऑनलाइनही ऐकता येतं, आठवड्यातून एक दुपार त्याला दे. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन तिवराच्या जाती ओळखायला शीक. न्यायालयात ‘झुडपं’ म्हणून उडवून लावलेली गोष्ट कांदळवनच आहे, हे नावानिशी सांगता आलं पाहिजे. पदवीनंतर पर्यावरण कायद्याचे डिप्लोमा आहेत, नोकरी सांभाळून करता येतात.

नोकरीचं एक राहिलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांना संमतीपत्रं, अटींची पूर्तता, मंजुऱ्या यासाठी कायदा जाणणारी माणसं लागतात आणि पगार बरा असतो. तिकडे गेलीस तर खाडीशी बेइमानी होईल का, असा प्रश्न तुला कधीतरी पडेल. माझं मत असं की सांडपाण्याचा प्लँट बंद ठेवून वीज वाचवणाऱ्या मॅनेजरला ‘हे चालणार नाही, तुरुंगात जाल’ असं आतून सांगणारी मुलगी पुष्कळ पाणी वाचवते. पण खोट्या अहवालावर सही किंवा तारीख मागे टाकलेलं पत्र, हे कधीच करणार नाही, एवढं आधी ठरवून जा. ते आत गेल्यावर ठरवता येत नाही. सरकारी बाजूलाही विधी अधिकाऱ्याची पदं असतात, महापालिकांना पॅनेलवर वकील लागतात. प्रदूषण मंडळाच्या बाजूने नीट अभ्यास करून उभा राहणारा वकील असेल तर किती केसेस वेगळ्या वळतील, हे मी समोरच्या बाजूने रोज पाहते.

इंग्रजीचं ओझं घेऊ नकोस. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, ती यावीच लागेल. रोज एका निकालाचं एक पान मोठ्याने वाच आणि चार ओळींत त्याचा सारांश इंग्रजीत लिही, वर्षभरात फरक दिसेल. वर सांगितलेला २०१८ चा कांदळवनाचा निकाल त्यासाठी घे, म्हणजे दोन कामं होतील. पण तलाठ्याचा पंचनामा, फेरफाराची नोंद, शासन निर्णय, कोळणीचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं मराठीत असतं. साक्षीदार दिवाळ्याच्या बोलीत बोलेल तेव्हा तो नक्की काय म्हणाला, हे इंग्रजी माध्यमाच्या वकिलाला दुसऱ्याला विचारावं लागतं. तुला लागणार नाही.

आणि वहीची पहिली पानं आजोबांसाठी ठेव. डोल (खाडीतलं मोठं जाळं) कुठे लावायचे, कुठल्या खुणेवरून जागा ओळखायचे, खाडीतल्या त्या त्या ठिकाणांना काय नावं होती, कुठल्या महिन्यात काय लागायचं, कोळंबी किती, बोय किती, जिताडा शेवटचा कधी मिळाला, आणि कुठल्या वर्षापासून काय मिळेनासं झालं. ते बोलत असताना रेकॉर्डिंग कर, सोसायटीची जुनी पासबुकं, होडीची नोंदणी, डिझेलची कार्डं असतील ती एका फाइलीत लाव. वाशीच्या आणि उरणच्या लोकांना आपण या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगतो हे दाखवावं लागलं, तसं उद्या दिवाळ्यालाही दाखवावं लागू शकतं, आणि तेव्हा सांगणारं माणूस समोर असेलच असं नाही. गुडघे दुखत असले तर खुर्ची घेऊन जेट्टीवर बसव त्यांना, तिथून बोट दाखवून सांगता येईल. हे काम परीक्षेनंतरवर ढकलू नकोस, या रविवारीच जा.